लूमच्या खुणेनं पुएब्ला

मी मेक्सिकोला जाऊन आले हे भिवंडीत अजून निम्म्या लोकांना खोटं वाटतं. उरलेले निम्मे त्याला अमेरिका म्हणतात. अमेरिका नाही, मेक्सिको. अमेरिकेच्या खाली आहे. मी चौथी शिकले, मला हे कळलं, तुम्हालाही कळेल.

आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, तिकडं काय पाहिलं? एकेकीला सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढते. चर्च किती उंच आणि कोणत्या राजानं बांधलं हे मला विचारू नका. मी शहर पाहिलं ते बसच्या खिडकीतून आणि बसमधल्या माणसांत बसून. त्यातलं निम्मं एकटीनं पाहिलं.

गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. माझी धाकटी वैशाली आणि तिचा नवरा महेश पुएब्ला नावाच्या शहरात राहतात. महेशराव गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. दोन हजार सहा सालची ही गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं वैशालीला विमानात बसायला मनाई केली. मग मी म्हटलं, लेक माहेरी येत नाही तर माहेर तिकडं जाईल.

विमानतळ

माहेर म्हणजे माझी बॅग. अळीव, डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा, लेकीच्या आवडीची सुकट, आणि बाळंतिणीचं पोट बांधायला जुनी मऊ लुगडी.

मेक्सिकोच्या विमानतळावर एक बटण आहे. प्रत्येकानं ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ बाहेर, लाल लागला तर बॅग उघडा. माझ्या पुढच्या माणसाला हिरवा लागला, मागच्याला हिरवा लागला, मला लाल. साहेबानं बॅग उघडली, सुकटीच्या पिशवीची गाठ सोडली आणि मागं सरला. मग एकेक वस्तू काढून बाजूला ठेवायला लागला. मला इंग्रजी येत नाही. मी भिवंडीचं हिंदी काढलं.

"भाईजान, बेटी की जचगी का सामान है. गांजा नहीं है."

तो हसला, पण सामान दिलं नाही. बी-बियाणं, मासळी, घरचं खाणं असलं काही बाहेरून आणायचं नाही असा तिथला नियम आहे, हे नंतर कळलं. लुगडी तेवढी घडी घालून परत दिली. बाहेर महेशराव उभे होते. मी म्हटलं, "तुमच्या मेक्सिकोनं माझं माहेर ठेवून घेतलं."

तिथून पुएब्लाला डोंगरातून रस्ता जातो. एका वळणावर समोर भलामोठा डोंगर आला. टोकाला बर्फ, आणि त्या बर्फातून धूर निघत होता. आमच्याकडं सुताला खळ लावायचे सायझिंगचे कारखाने आहेत, त्यांची धुराडी अशीच ओकत असतात.

"सायझिंग हाय कं तिथं?" मी विचारलं.

"ज्वालामुखी आहे, आई. जिवंत."

"आनि खाली मानसं राहतात?"

"आपणही तिथंच राहतो."

पुढं तो मला रोज दिसला. बायका गच्चीवर यायच्या, धूर कुठल्या बाजूला वळलाय ते बघायच्या आणि मग कपडे वाळत घालायच्या. बस, तेवढाच त्याचा उपयोग. हे लोक मला तिथंच आवडले.

घर

शहर रंगीत आहे. आपण मोरीला फरशी लावतो, ते लोक चित्रांची फरशी रस्त्यावरच्या भिंतींना लावतात. एक भिंत निळी, तर शेजारची हळदीसारखी. हवा थंड. घरात शिरले आणि हे सगळं डोक्यातून गेलं.

मी पोचायच्या आधीच नात झाली होती. वैशाली वाळून काठी झाली होती आणि तिला दूध येत नव्हतं. पोर ओढून ओढून थकायची आणि रडायची. डब्याचं दूध पाजलं की ओकायची. तिथला डॉक्टर म्हणाला होता, येईल दूध, वाट बघा.

"वाट बघायला पोरीचं पोट काय एसटी स्टँड हाय?" मी म्हटलं.

वैशाली रडायला लागली. मी रडणाऱ्याबरोबर रडत बसत नाही. मला सामान हवं होतं, आणि सामान विमानतळावर राहिलं होतं. म्हणजे याच शहरात दुसरं शोधायचं.

एक गोष्ट मात्र त्या घराची मला पहिल्या सकाळपासून आवडली. कोपऱ्यावर एक लांब पत्र्याची शेड होती. आतून आवाज यायचा, खटाक-खटाक, खटाक-खटाक. मी दात घासत गॅलरीत उभी होते, तशीच हसले. लूम! कापड विणायचे यंत्रमाग, थेट आमच्या भिवंडीसारखे. वैशालीला म्हटलं, "तू मना फोनवर कधी बोलली न्हाईस, लूमशेजारी राहतंय म्हनून."

"मला ऐकूच येत नाही आये तो आवाज," ती म्हणाली. भिवंडीत वाढलेल्या पोरीला कसा ऐकू येणार?

पहिली बस

महेशरावांनी एक दिवस रजा काढली आणि मला बाजारात न्यायला निघाले. तिथली बस लहान असते. पुढच्या काचेवर जागांची नावं पांढऱ्या रंगानं लिहिलेली असतात. चढणारा प्रत्येकजण आत पाय ठेवला की सगळ्यांना "बुएनोस दीआस" म्हणतो. म्हणजे सुप्रभात. ओळख असो नसो. ड्रायव्हरसमोर देवीचं चित्र असतं आणि आरशाला एखाद्या पोराचे जुने इवलेसे बूट टांगलेले असतात. कंडक्टर नसतो.

मी माझ्या नऊवारीत होते, कासोटा घातलेला, कपाळाला कुंकू, वरून महेशरावांचं जाकीट. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. महेशराव मागं उभे राहिले. थोड्या वेळानं कोणीतरी खांद्याला हात लावला. वळले तर एका तरुण बाईनं माझ्या तळहातावर नाणी ठेवली आणि हसली.

माझं डोकं फिरलं. भिवंडीच्या बाहेर गोदामं उभी आहेत, त्यातली काही आमच्या जमिनीवर आहेत. निजामपुऱ्यात आमच्या गाळ्यांत लूम चालतात. आणि ही मला भीक घालते!

"ए बाय! मी काय भिकारीण हाय? घे तुझं!"

नाणी मी तिच्या हातात कोंबली. तिनं गोंधळून परत माझ्या हातात ठेवली. मी परत तिच्या. आजूबाजूची माणसं हसायला लागली. महेशराव गर्दीतून वाट काढत पुढं आले. कानापर्यंत लाल झाले होते.

"आई, ती मागच्या दारानं चढली. ते तिचं भाडं आहे. तुम्ही ते पुढं ड्रायव्हरला द्यायचं. तो सुटे देईल ते मागं पाठवायचे."

"आनि मधे कोन खात न्हाय?"

"नाही खात कोणी."

मी ड्रायव्हरला नाणी दिली. त्यानं न बघता सुटे दिले. मी मागं दिले. बाईनं मान लववली. नंतर दुसऱ्याची आली, तिसऱ्याची आली, सगळी माझ्या हातून. बाजार आला तेव्हा महेशराव म्हणाले, "आई, उतरायचं." मी म्हटलं, "थांबा, मागून अजून एकाचं येतंय."

बाजारात त्या दिवशी काही जमलं नाही. जावईमाणूस. बायकोला दूध येत नाही हे परक्या बायकांना सांगायला लाजायचा. तोंडातल्या तोंडात काहीतरी विचारायचा, बाईनं "काय?" म्हटलं की "काही नाही" म्हणून पुढं. एक राजगिऱ्याची वडी तेवढी हाती लागली. हो, राजगिरा. गुळात थापलेला, वर शेंगदाणे, थेट आपली उपासाची वडी. ते लोक ती कुठल्याही दिवशी खातात, बसमध्ये उभ्यानं खातात, आणि खाणाऱ्याला परका माणूससुद्धा "प्रोवेचो" म्हणतो. म्हणजे अंगी लागो. आपल्याकडं परक्याच्या खाण्याकडं बघितलं तर नजर लागते म्हणतात.

बाजार

डॉक्टरनं पोरीचं वजन केलं आणि सांगितलं, सोमवारी परत आणा. वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून घेऊ. हे ऐकून वैशालीनं जेवण सोडलं. शनिवारी महेशरावांची ड्युटी होती. मी लुगडं नेसले आणि पिशवी घेतली.

"आये, एकटी कुठं निघालीस? भाषा न्हाय, रस्ता म्हाईत न्हाय."

"लग्न होऊन भिवंडीत आले तवा तरी कुठं म्हाईत होता?"

"पत्ता तरी घे." तिनं कागदावर पत्ता लिहिला आणि सेफ्टी पिननं माझ्या पोलक्याला टोचला. मी तो काढून टेबलावर ठेवला. जत्रेत पोर हरवू नये म्हणून लावतात तसा पत्ता मी या वयात लावून फिरणार नव्हते.

"लूमपाशी चढायचं, लूमपाशी उतरायचं," मी म्हटलं. "मना कागद कनाला?"

बाजारात झाडपाल्याची एक रांग आहे. तिथं माझ्या वयाची एक बाई बसली होती. दोन वेण्या, वेण्यांत रिबिनी, अंगाभोवती लांब शाल, पुढ्यात ओल्या जुड्या. एक जुडी मी नाकाशी धरली. बडीशेप! मी तिथंच फतकल मारून बसले. पदराचा गोळा करून बाळासारखा छातीशी धरला, छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. न्हाय.

तिनं एकदाच बघितलं. मग शेजारणीला हाक मारली, त्या शेजारणीनं पुढचीला, आणि अख्खी रांग माझ्याभोवती जमली. सगळ्या तिला दोन्या लुपे म्हणत होत्या. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई. लुपेबाईनं बडीशेपेची जुडी पाण्यात उकळायची खूण केली. शेजारणीच्या पातेल्यातून गरम पेला भरून आणला आणि मला पाजला. मक्याच्या पिठाची गोड पेज. त्याला आतोले म्हणतात. माझी पेज तांदळाची असते आणि ती जास्त चांगली लागते, पण ही वाईट नव्हती. त्याचं पीठही तिनं बांधून दिलं.

मग तिनं दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडून दाखवली. चाळीस. माझ्या लक्षात आलं. आमचा सव्वा महिना! गार पाण्यात हात नाही, डोकं झाकायचं, वारा लागू द्यायचा नाही, सगळं तिनं हातवारे करून सांगितलं आणि मी प्रत्येकाला मान डोलावली. शेवटी उठली, स्वतःची शाल काढली आणि माझ्या पोटावरून गुंडाळून खेचून आवळली.

"आवं, मरेन मी!" मी ओरडले. मग शाल सोडवली आणि आमच्याकडं गाठ कुठं येते ते तिच्याच पोटावर बांधून दाखवलं. दोन म्हाताऱ्या भर बाजारात एकमेकींची पोटं बांधतायत, लोक भाजी घ्यायची सोडून बघतायत. वैशाली मला म्हणायची, पोट बांधणं आता जगात कोणी करत नाही. आता तिला सांगायला मला जग मिळालं होतं.

ती वाफेच्या शेकाबद्दलही काही सांगत होती. मी तिला सांगितलं, आमच्याकडं अकलोलीला जमिनीतूनच कढत पाणी येतं, चूल लागत नाही. तिला समजलं नाही. तिचं नुकसान.

निघताना वाळवलेल्या कोळंबीचा ढीग दिसला. तोच वास, तीच सुकट. पिशवीत भरून घेतली. विमानतळावरचा साहेब आठवला. स्वतःच्या देशात टोपल्या भरून आहे आणि माझ्या एका पिशवीला मागं सरला.

बसचा शेवट

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. पिशवी मांडीवर, कान बाहेर. एक चर्च गेलं, टायरचं दुकान गेलं, एक शाळा गेली. लूम येईना. मी वाट बघत राहिले. दुकानं संपली, निवडुंगाची कुंपणं लागली, मक्याची रिकामी शेतं लागली, ज्वालामुखी केवढातरी मोठा झाला. मग ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बसमध्ये मी एकटी होते.

भिवंडीत शिफ्ट बदलते, लूम थांबत नाही. थांबलाच तर लोडशेडिंगला. भर दिवसा, वीज असताना कोणी आपणहून लूम बंद करेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तिथं शनिवारी अर्धा दिवस काम असतं. साऱ्या जगात ही चूक भिवंडीचं माणूसच करू शकतं.

मी घाबरले. लिहायला लाज नाही. पत्ता टेबलावर होता. गल्लीचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी आले नाही तर वैशाली थांबायची नाही, अशक्त अंगानं बाळाला घेऊन थंडीत मला शोधायला निघेल, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

ड्रायव्हर रुंद, मिशीवाला गडी. बेतो त्याचं नाव. डबा उघडून जेवायला बसला होता. मी पुढं जाऊन म्हटलं, "चुकलं रं बाबा माझं." त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सरकून जागा केली आणि मक्याच्या भाकरीत घेवडा गुंडाळून माझ्या हातात दिला. आधी खा. मी खाल्लं. भाकरी हातानं थापलेली होती, बोटांचे ठसे दिसत होते.

मग मी उभी राहिले. लूम मी जन्मभर बघत आले आहे. उजवा हात, डावा हात, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, पायानं बसच्या पत्र्यावर ठेका, आणि तोंडानं, "खटाक-खटाक, खटाक-खटाक."

बेतोचा घास हातातच राहिला.

मी पदर ताणून धरला. बोटानं उभा धागा दाखवला, आडवा धागा दाखवला. परत, "खटाक-खटाक."

"आ! तेलार!" तो ओरडला. "फाब्रिका!" म्हणजे लूमचा कारखाना. मग दोन्ही तळहात जोडून गालाशी धरले, डोळे मिटले. लूम झोपलेत. मी मान डोलावली. त्यानं डबा अर्धा ठेवून झाकला आणि इंजिन चालू केलं.

मला त्यानं आपल्या मागच्या बाकावर बसवलं, माझ्याच जागेवर. चढणाऱ्या प्रत्येकाला तो माझ्याबद्दल काहीतरी सांगायचा आणि स्टिअरिंगवरचा एक हात सोडून खटाक-खटाक करून दाखवायचा. पहिल्यांदा बायका हसल्या. मग त्यांनी पुढच्यांना सांगितलं. मागून भाडी यायला लागली, मी पुढं देत होते, सुटे मागं पाठवत होते. हळूहळू नाण्यांबरोबर आवाजही पुढं यायला लागला. चुन्यानं पांढरे झालेले गवंडी, कोंबडी कुशीत धरलेली बाई, शेजारी बसलेला टायवाला माणूस, सगळे खटाक-खटाक.

शेड आली तेव्हा अख्खी बस ओरडली, "बाहान! बाहान!" म्हणजे उतरायचंय. शेड गप्प होती आणि बस वाजत होती. मी खाली उतरले आणि वळून हात जोडले. ते लोक अजून थांबले नव्हते.

वैशाली पायात चपला घालून दारातच होती, बाळ शालीत.

"आये, कुठं होतीस तू?"

"पेज आनायला. आत हो, वारा हाय."

सोमवार

बडीशेपेचं पाणी, पेज, कोळंबीचं कालवण, आणि पोट बांधलं. लुगडं या वेळी वैशालीनंच काढून दिलं. शनिवारी संध्याकाळी नाही, रविवारी सकाळी नाही. रविवारी दुपारी पोर ओढायला लागली आणि रडायची थांबली. मी वाकून बघितलं तर ओठाच्या कडेनं दूध सांडत होतं.

सोमवारी डॉक्टरनं वजन केलं, समाधानानं मान हलवली आणि महेशरावांना काही सांगितलं.

"काय बोलला?"

"म्हणतात, कधी कधी आपोआप येतं."

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "आपोआप बसनं आलं."

महेशरावांनी ते सांगितलं नाही.

सव्वा महिन्यानंतर

तोवर मी त्या बसनं कुठं कुठं फिरले. एका बाजूला गंधकाच्या पाण्याची आंघोळीची जागा आहे, तिथून बस गेली की खिडकीतून अकलोलीचा वास येतो. दुसऱ्या टोकाला गेलं की निळ्या फरश्या आणि ताटल्या रंगवणारे बसलेले दिसतात. मला आता कोणी रस्ता सांगत नव्हतं, मीच एकदा महेशरावांच्या हापिसातल्या मुंबईहून आलेल्या माणसाला सांगितला. त्यालाही भाडं पुढं कसं द्यायचं ते मी शिकवलं.

सव्वा महिना झाल्यावर वैशालीला न्हाऊ घातलं आणि दोघींना घेऊन लुपेबाईकडं गेले. तिनं पोरीचे गाल चिमटले, मांड्या चिमटल्या आणि माझ्याकडं बघून मूठ वर केली. मीही केली.

परतताना बस भरलेली होती. मी पुढच्या दारानं चढले, मला बघून एक तरुण उठला आणि ड्रायव्हरच्या मागचा बाक मला मिळाला. ड्रायव्हर बेतोच होता. वैशाली पोरीला घेऊन मागच्या दारानं चढली. उभी राहिली, एका हातात बाळ, दुसऱ्या हातानं वरचा दांडा. बस वळली तशी ती कलंडली. बाकावरच्या एका बाईनं दोन्ही हात पुढं केले. तिथं बसलेला माणूस उभ्या माणसाचं ओझं मांडीवर घेतो, ही रीतच आहे. पिशवी असो की पोर.

वैशालीनं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि गर्दीवरून माझ्याकडं बघितलं.

"दे," मी ओरडले. "मधे कोन खात न्हाय."

तिनं दिलं. त्या बाईनं पोरीला जरा वेळ घेतलं, मला बघितलं आणि पुढच्या बाकावर दिलं. पुढचीनं तिच्या पुढच्याला. तो म्हातारा होता, त्यानं आधी टोपी काढली, मग पोरीला घेतलं. अशी ती हातोहात पुढं आली आणि माझ्या मांडीवर पोचली. जागी होती, रडली नाही. मागून आलेलं ते पहिलंच होतं जे मला पुढं द्यायचं नव्हतं.

बाहेर शेडमध्ये लूम चालू होते. बेतोनं कोणी सांगायच्या आधीच बस थांबवली.